भगताच्या घरातला उपदेशी

तेलंगणात, आदिलाबादकडच्या तलमडुगु मंडलातल्या त्या गावात मंगळवारी बाबारावांना कुणी नावानं हाक मारत नसे. एरवी ते चारचौघांसारखे शेतकरी. कापसाची पऱ्हाटी, ज्वारी, एक बैलजोडी, चहात साखर जास्त लागणारा माणूस. पण मंगळवारी अंघोळ करून ते घरापुढच्या कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसले, की गाव त्यांना 'माय' म्हणे. त्यांच्या अंगात गावदेवी मातामाय यायची. आधी मान डोलायची, मग खांदे उडायचे, मग आवाज बारीक आणि धारदार व्हायचा. कुणाच्या लेकराचा ताप, कुणाच्या म्हशीचं आटलेलं दूध, कुणाची रुसून गेलेली सून, सगळ्यांची उत्तरं त्या आवाजात मिळायची. बाबाराव भगत होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते.

त्यांचा एकुलता एक मुलगा जीवन लहानपणी मंगळवारी गोठ्यात जाऊन बसायचा. संध्याकाळी बा पुन्हा बा व्हायचे, त्याला मांडीवर घेऊन शेंगा सोलून द्यायचे, आणि तो शेंगा खाता खाता त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहायचा. आतून अजून कुणी पाहतंय का, हे त्याला कळायला हवं असायचं. माया केली तरी तो अंग आखडून बसे. भागाबाई, त्याची आई, म्हणायची, "पोट्टं भित्रं हाय."

शाळा तेलुगू. घरात बोलायची मराठी शाळेत आली की पोरं हसायची, आणि घरात तेलुगू शब्द आला की आजूबाजूच्या बाया. बारावीला इंटर म्हणतात तिकडे. ते झाल्यावर जीवन पैनगंगेपलीकडे, यवतमाळच्या बाजूला, आशाबाई मावशीकडे राहायला गेला. मावशीचं घर महानुभाव. तिच्या गावाच्या कडेला पंथाचा एक आश्रम होता. मावशी सकाळी तिथं जायची, म्हणून तोही जायला लागला.

तिथं कुणी घुमत नव्हतं. कुणाचा आवाज बदलत नव्हता. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत माणसं मांडी घालून बसायची आणि एक म्हातारी तपस्विनी स्वामींच्या आठवणी वाचून दाखवायची. आठशे वर्षांपूर्वीची मराठी, पण जीवनला वाटलं ही तर आपल्या मायची भाषा. त्यात स्वामी, म्हणजे पंथाचा देवच, कुणा म्हातारीला विचारायचा, बाई, जेवलीस का. कुणा शेतकऱ्याशी वाटेत उभा राहून बोलायचा. ज्या भाषेला वर्गात पोरं हसली, त्या भाषेत देव बोलला होता आणि बोलताना त्यानं कुणाला घाबरवलं नव्हतं. जीवन हे ऐकत गेला आणि गोठ्यात बसणारं पोरगं त्याच्या आतून हळूहळू उठून बाहेर आलं. त्यानं उपदेश घेतला. उपदेश घेतला म्हणजे एका परमेश्वराचं नाव धरलं. मांस सोडलं, नवस सोडले, देवतांपुढे हात जोडणं सोडलं, देवतेचा प्रसाद सोडला. उपदेशी माणूस दुसऱ्याला भेटला की 'दंडवत' म्हणतो. तोही म्हणायला लागला.

गावी परतल्यावर त्यानं एवढंच सांगितलं की मी मटण खात नाही. भागाबाईला वाटलं, मुलानं मातामायसाठी काही नेम धरला. तिनं ते शेजारणीलाही सांगितलं, कौतुकानं. जीवननं तो गैरसमज तसाच राहू दिला. पुढं तो डिग्रीला आदिलाबादला गेला, मित्रांबरोबर खोली घेऊन राहिला. मंगळवारी कधी गावी आला नाही. दोन घरांच्या मधे असं अंतर असलं, की माणसाला वाटतं आपलं सगळं जमून गेलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत बाबाराव शेतातच कोसळले. आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जीवननं खोली सोडली, गादी गुंडाळून बसवर टाकली आणि घरी आला. बाबाराव धिप्पाड माणूस, भागाबाई काटकुळी. त्यांना उचलणं, कुशीवर वळवणं, धुणं, घास भरवणं, सगळं जीवन करू लागला. बापाच्या अंगाला आपण मनापासून हात लावतोय ते आयुष्यात पहिल्यांदाच, हे त्याच्या एक दिवस लक्षात आलं. आता त्या डोळ्यांतून फक्त बा पाहायचे. जीवनला त्यांची दाढी करायला आवडायचं.

ओटा मात्र रिकामा पडला. मंगळवारी लोक येतच राहिले. नारळ ठेवायचे, ओट्याकडे पाहायचे, मग पडवीतून आत खाटेकडे पाहायचे आणि शेवटी जीवनकडे. बोलायचं कुणी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी गावात तापाची साथ आली, चांगला धट्टाकट्टा बैल मेला, एका घरची ठरलेली सोयरीक मोडली. रिकाम्या ओट्याला प्रत्येक गोष्टीचा दोष चिकटत गेला.

आषाढातली आखाडी जवळ आली तेव्हा चंपतराव पटेल घरी आले. ते गावातले मोठे, मवाळ बोलणारे, जीवनच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी स्वतः आदिलाबादला येऊन उभे राहिलेले. आखाडीला गाव मातामायला बकरा देतं, भगताच्या तोंडून वर्षाचा कौल ऐकतं आणि मगच वेशीची पूजा होते.

"जीवन, तू फक्त ओट्यावर उभा राह्य," ते म्हणाले. "आली तं आली, नाई तं नाई. गावाचं समाधान होते."

"काका, माया तिच्यावर भरोसा नाई."

"भरोशाचं कोन इचारून राह्यलं तुले? उभं राह्याचं म्हन्तो मी."

ते गेल्यावर जीवननं चुलीपाशी बसून मायला सगळं सांगितलं. उपदेश, आश्रम, नाव. भागाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त हळू झाला.

"मंग तुले माया हातचं चालते का नाई?" तिनं विचारलं.

"चालते माय. तिच्या नैवेद्याचं चालत नाई."

"लय दिवसाचं हाय हे?"

"इंटरपासून."

भागाबाईनं भाकरी उलटली. "बाले सांगू नको," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यायच्या डोयानं ओटा रिकामा पाह्यला जात नाई. मंगळवारी भिंतीकडे तोंड करून निजतात. तू पाह्यलं नाई का?"

त्यानं पाहिलं होतं.

जीवननं विचार केला तो शहाण्यासारखाच केला. उभं राहायचं, मनात नाव घ्यायचं. काही होणार नाही. गाव आपल्या डोळ्यांनी पाहील की या पोरात काही नाही, मग दुसऱ्या कुणाला तरी निवडेल. सगळ्यांसमोर एकदा कोरडं उभं राहिलो की सुटलो. त्यानं पटेलांना होकार कळवला, आणि कित्येक महिन्यांनी त्याला हलकं वाटलं.

आखाडीच्या दिवशी सकाळपासून त्यानं काही खाल्लं नाही, कारण घरात जे शिजत होतं ते सगळं तिच्या नावानं शिजत होतं. कडुनिंबाखाली माणसं दाटली. बाबारावांची खाट चौघांनी उचलून अंगणात आणली, त्यांना उशा लावून बसवलं, भागाबाईनं त्यांना फेटा बांधला. जीवन ओट्यावर चढला. डफडी सुरू झाली. ऊद पेटला, त्याचा धूर सरळ त्याच्या तोंडावर येत होता. त्यानं डोळे मिटले आणि मनात नाव धरलं.

त्यानं डफड्यांचा विचार केला नव्हता. आजवर तो आवाज गोठ्याच्या भिंतीआडून ऐकला होता. इथं तो छातीच्या आत वाजत होता. पोटात अन्न नाही, नाकात धूर, समोर सगळ्या गावाचे डोळे. त्याच्या गुडघ्यांना कंप सुटला. तो आवरायला त्यानं मांड्या आवळल्या, तर कंप वर चढून खांद्यांत आला. बायांमधून कुजबूज उठली. त्यानं डोळे उघडले.

"मी नाई," तो म्हणाला. घसा कोरडा होता, आवाज फाटून बारीक निघाला. "सोडा मले. मी नाई."

डफडी अजून जोरात वाजू लागली. माणसांचे हात जोडले गेले.

"मी जीवन हाय," तो ओरडला. "मी जीवनच हाय."

"घेतलं मायनं त्याले," एक म्हातारी म्हणाली. "मी जीवन हाय म्हन्ते पाहा. एक झाली त्याच्यात."

त्याच वेळी बकरा पुढं आणला. त्याच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. सुरी उचललेली पाहून जीवनच्या तोंडून निघून गेलं, "कापू नका त्याले."

सगळं थांबलं. आजवर मातामायनं बकरा नाकारला नव्हता. चंपतराव पटेल, ज्यांच्या घरी जीवन लहानपणी टीव्ही पाहायला जायचा, ते ओट्यापुढं गुडघ्यांवर बसले. "काय चुकलं माय, आमचं?"

"काका, उठा. काई नाई चुकलं. मी उपदेशी हाय, मी तुमच्या..." पुढचं पुन्हा सुरू झालेल्या डफड्यांत बुडालं. बकरा सोडून देण्यात आला. जी माय रक्त नको म्हणते ती किती जागती असेल, हेच लोक एकमेकांना सांगत होते. कुणीतरी फोनवर सगळं टिपत होतं.

जीवन ओट्यावरून कसाबसा उतरला आणि बापाच्या खाटेजवळ आला. त्याला वाटलं, निदान यांना तरी दिसलं असेल की हा भ्यालेला पोरगा आहे. ज्या माणसानं इतकी वर्षं हे अंगावर घेतलं त्याला खरं-खोटं कळणारच. बाबारावांच्या अर्ध्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. त्यांनी डावा हात उचलला. जीवनला वाटलं, डोक्यावर ठेवतील, म्हणून तो वाकला. तो हात त्याच्या डोक्याजवळून खाली गेला, खाटेच्या कडेवरून लोंबला, आणि चाचपडत त्याच्या पायांना लागला. मग तो हात त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावला.

जीवन तसाच वाकून राहिला. बा, मी आहे, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. म्हटलं असतं तरी त्यांनी ते वेगळंच ऐकलं असतं, आणि वेगळं ऐकलं नसतं तर त्यांच्या तोंडावरचं ते सगळं विझलं असतं. तो काही बोलला नाही. त्या न बोलण्यानं आपण कशाला होकार दिला, हे त्याला त्या क्षणी कळलं नाही.

फोनमधलं ते दृश्य तलमडुगुपासून नेरडीगोंड्यापर्यंत गेलं. आदिलाबादच्या मित्रांनी पाहिलं, एकानं हसण्याची चित्रं पाठवली, एकानं आपल्या बहिणीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. दुसऱ्यानं विचारलेलं जीवनला जास्त लागलं, कारण तो गमतीनं विचारत नव्हता. पैनगंगेपलीकडे मावशीनंही पाहिलं. तिचा फोन आला. ती रागावली नाही, रडलीही नाही. "आश्रमात येऊन जाय," एवढंच म्हणाली.

आश्रमातली तपस्विनी आता फार थकली होती. जीवननं दंडवत केला आणि अडखळत सगळं सांगितलं. खरी गोष्ट त्यानं शेवटी ठेवली. पंथात देवता नाहीतच असं कुणी शिकवत नाही. देवता आहेत, पण त्या मोक्ष देत नाहीत, म्हणून त्यांच्या नादी लागायचं नाही, असं शिकवतात. म्हणजे देवता माणसात येऊ शकते.

"माय, मले समजत नाई," तो म्हणाला. "मी भ्यालो म्हून कांपलो, का ती आली व्हती म्हून कांपलो?"

"नाव सुटलं होतं का तुझं?"

"डफडं वाजलं तेव्हा सुटलं."

"बापा, तुझ्या आतलं मी कुठून सांगू," ती म्हणाली. "त्या ओट्यावर पुन्हा चढू नकोस. आणि तिथं राहवत नसेल तर इथं ये. खोली आहे, काम आहे, वाचायला माणूस हवाच आहे मला."

ती खोली जीवननं पाहिली. खिडकीबाहेर तुरीचं शेत होतं. परतीच्या बसमधे तो मनानं सारखा त्या खोलीतच राहत होता, गादी कुठं घालायची, पुस्तकं कुठं ठेवायची. तलमडुगुचा फाटा आला तसा त्याच्या डोक्यात आलं की बांना दुपारी वळवायचं राहिलं असेल, मायला एकटीला जमलं नसेल, पाठीला जखम होईल. तो झपाझप चालत घरी गेला. मायला जमलं नव्हतंच.

तपस्विनीचं त्यानं पाळलं. तो ओट्यावर पुन्हा चढला नाही. मंगळवारी लोक आले तेव्हा तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या सावलीत, जमिनीवर बसला आणि आलेल्या प्रत्येकाला सरळ म्हणाला, "माया अंगात कोनी येत नाई. मी उपदेशी हाय. काई इचारायचं असन तं जीवनले इचारा." लोकांनी हात जोडून ऐकलं. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी नारळ ओट्याऐवजी गोठ्यापाशी ठेवले. मायनं जागा बदलली, असं गावानं ठरवलं.

पूनम नावाची एक लेकुरवाळी त्याच गावातली. तिच्या मुलीला मधेच झटके यायचे, डोळे फिरायचे. घरच्यांनी बाहेरची बाधा धरून ठेवली होती. जीवननं मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजच आदिलाबादच्या दवाखान्यात ने. ही बाधा नोय, बिमारी हाय. गोया सुरू होतीन, त्या सोडू नको." पूनमच्या सासूनं आजवर दवाखान्याचं नाव काढू दिलं नव्हतं. पण आता मातामायच म्हणाली म्हटल्यावर ती स्वतः गाडीत बसून गेली. गोळ्यांनी झटके थांबले. पूनम मुलीला घेऊन आली, तिला जीवनच्या पायावर घातलं, आणि त्याला पाय मागं घ्यायलाही जागा उरली नाही, कारण मागे गोठ्याची भिंत होती.

"पूनम, डाक्टरनं बरं केलं तिले. मी तुया गावचा पोरगा हाय, दुसरं काई नाई."

"हाव माय," पूनम म्हणाली.

तेव्हापासून नेरडीगोंड्याकडूनही माणसं येऊ लागली. त्यानं खरं सांगितलं तर ती मायची परीक्षा ठरे, चिडला तर कोप, गप्प राहिला तर मौन. आपण बोलतो ते शब्द तोंडातून बाहेर पडले की आपले राहत नाहीत, हे त्याला रोज नव्यानं कळे. निघून जावं तर खाटेवर बा. राहावं तर हे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूनमची मुलगी अंगणातून धावत गेली की त्याला बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला भीती वाटायची.

दसऱ्याच्या आधी तो चंपतराव पटेलांच्या घरी गेला. बाहेर ज्वारीच्या शेताच्या गोष्टी काढून बसलेली माणसं उठून उभी राहिली. त्यानं पटेलांना आत बोलावलं, दार लावून घेतलं.

"काका, तुमी शिकले-सवरले हा. मी इंटरपासून उपदेशी हाय. आखाडीच्या दिवशी मी भ्यालो व्हतो. तुमी गावाले सांगा."

पटेलांनी पानाचा डबा बाजूला ठेवला. "मले मालूम हाय," ते म्हणाले.

"काय मालूम हाय?"

"तुया उपदेशाचं. तुया मावशीच्या गावात माया सोयरा हाय. तू घेतला त्याच साली त्यानं सांगतलं मले."

जीवननं विचारलं, "मंग तुमी काऊन उभं केलं मले?"

"कोन व्हतं दुसरं?" पटेल म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कसलाच कावा नव्हता. "बापू, तू कोनाले मानतं हे गावानं तुले इचारलं नाई, अन् तिनंबी इचारलं नाई. तुया बाले तरी कुठं इचारलं व्हतं? तो तुयाएवढा व्हता तवा पयून गेला व्हता नांदेडले. त्याचा बाप मेला तवा आला."

हे जीवनला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मंग त्यायनं कसं केलं?"

"केलं," पटेल म्हणाले. "करता करता त्याचं झालं ते. तुयंबी होईन."

बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी दार उघडताच वाट दिली. ती वाट इतकी रुंद होती की जीवनला तिच्यातून चालताना कुणाचा खांदाही लागला नाही.

घरी आल्यावर तो बापापाशी बसला, दाढीचं सामान काढलं. साबण लावता लावता त्यानं विचारलं, "बा, तुमी नांदेडले पयून गेलते का?" बाबारावांचे डोळे त्याच्याकडे वळले. जीवन हात थांबवून त्यांत पाहत राहिला, लहानपणी पाहायचा तसा, पण या वेळी उलटं काहीतरी शोधत. तिकडून पळून गेलेला पोरगा पाहतोय का. बाबारावांनी नजर खाली घेतली. त्यांना शरम वाटली, का प्रश्नच कळला नाही, हे सांगायला त्यांच्याकडे वाचा नव्हती. जीवननं गाल ताणून वस्तरा फिरवला.

भागाबाईनं त्याच आठवड्यात बाजारातून एक नवी कढई आणि नवा तवा आणला. कुणाच्या नावाचं काही त्यात शिजवायचं नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं. जीवनची चूल तिनं पडवीच्या कोपऱ्यात वेगळी मांडली. आपल्यासाठी मायनं एवढं केलं, म्हणून त्याला गहिवरून आलं. मग त्यानं ती चूल नीट पाहिली. विटा मातीत पक्क्या बसवलेल्या होत्या, वरून शेणानं सारवलेल्या, खूप वर्षं टिकतील अशा.

आज मंगळवार आहे. तपस्विनीनं दोनदा निरोप पाठवला, खोली अजून त्याच्यासाठीच ठेवली आहे म्हणून. जीवन गोठ्याच्या सावलीत बसलाय, बोटांवर नाव मोजतोय. नार्नूरकडची एक बाई लेकीला घेऊन आली आहे, लांबचा प्रवास करून, दोघींच्या चपला धुळीनं माखलेल्या. ती समोर बसली. जीवननं तिला दंडवत केला आणि नेहमीचं सांगायला सुरुवात केली, की माझ्या अंगात कुणी येत नाही, मी एकाच परमेश्वराला मानतो, मी साधा माणूस आहे. बाई पदर सावरून, हात जोडून, आदरानं ऐकत होती. त्याचं बोलणं संपायची ती वाट पाहत होती.